स्विमिंग पूलचे व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक करताय? सगळा खेळ कॅमचा आहे

पूलला लागून स्पा (गरम पाण्याचा छोटा टब) असेल तर पाणी पूलकडे की स्पाकडे हे ठरवणारा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा कंटाळा येतोच, आणि मग लोक मोटर आणून बसवतात. मी हे बऱ्याचदा केलंय. "ॲपमध्ये टायमर लावा, 15 सेकंद मोटर चालवा, झालं" असा सल्ला दिसला की मला राग येतो, कारण तो चुकीचा आहे. ओ-रिंग (व्हॉल्व्हमधली रबरी सील) कोरडी पडली की व्हॉल्व्ह जड फिरतो, मग 15 सेकंदांत तो कुठे पोचेल याचा भरवसा नाही. मोटर थांबवायचं काम आतल्या लिमिट स्विचचं, म्हणजे टोकाला पोचल्यावर करंट तोडणाऱ्या स्विचचं आहे, ते त्यालाच करू द्या. तो स्विच कधी दाबला जाईल ते कॅम, म्हणजे शाफ्टवरची उंचवटा असलेली चकती, ठरवते.

बसवणं सोपंय. पंप बंद करा, हँडल काढा, त्याच जागी मोटर बसवून चार स्क्रू आवळा.

वायरिंगलाही फार वेळ लागत नाही. बहुतेक मोटर 24 व्होल्ट एसीवर चालतात, डीसी देऊ नका. तीन वायर असतात, एक कॉमन आणि दोन्ही दिशांची एकेक. दिशेच्या दोन्ही वायरना एकाच वेळी करंट जाता कामा नये, म्हणून दोन सुटे रिले वापरू नका, एकच चेंजओव्हर रिले घ्या, म्हणजे करंट एका वेळी दोनपैकी एकाच वायरला देणारा विजेवर चालणारा स्विच. त्यात आणखी एक फायदा म्हणजे रिले बंद असताना व्हॉल्व्ह आपोआप एका ठरलेल्या जागी जातो, ती जागा "पूल"ची ठेवा, म्हणजे लाईट जाऊन आली तरी सगळं पूलवरच येतं. ट्रान्सफॉर्मरच्या मेन लाईनचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच.

आता कॅम. मी इथेच अडकलो होतो.

टोपण काढलं की शाफ्टवर एकावर एक दोन दातेरी कॅम दिसतात. शाफ्टबरोबर ते फिरतात, कॅमचा उंचवटा मायक्रोस्विचवर (हाच लिमिट स्विच) आला की त्या दिशेचा करंट तुटतो. म्हणजे एक कॅम एका टोकाला थांबवतो, दुसरा दुसऱ्या टोकाला. नवीन मोटर साधारण 180 अंश फिरते आणि त्याला अर्धा मिनिट लागतो. पण तुमच्या पाइपांच्या मांडणीला 180 चालेलच असं नाही, काही ठिकाणी 90 लागतात.

माझ्याकडे रिटर्नचा (पंपाकडून पाणी परत सोडणारा) व्हॉल्व्ह बरोबर लावला होता आणि सक्शनचा (पंपाकडे पाणी ओढणारा) मी न बघताच बरोबर धरला. तो पूलकडे वळताना अर्ध्यातच थांबला. पाणी स्पामधून ओढलं जात होतं आणि पूलमध्ये पडत होतं. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसले तेव्हा स्पा जवळपास रिकामा झाला होता. उलट झालं असतं तर स्पा भरून वाहिला असता.

म्हणून माझी पद्धत अशी: पंप बंद. टोपण उघडं. व्हॉल्व्हच्या आतली जीभ कोणतं तोंड बंद करते ते आधी बघून ठेवा आणि मार्करने शाफ्टवर आणि बॉडीवर खूण करा. मोटरच्या मागच्या टॉगलने एका टोकाला न्या, कुठे थांबली बघा, त्या टोकाचा कॅम एक दात सरकवा, परत चालवा. एकदम चार दात सरकवू नका, मग कुठे होतो तेच कळत नाही. कॅम सोडवायची रीत मॉडेलप्रमाणे बदलते, जोर लावलात तर दात झिजतात. मोटर जोडलेली असताना शाफ्ट हाताने पिळू नका, आतले गिअर मोडतात.

अजून एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. थ्री-वे (तीन तोंडांचा) व्हॉल्व्ह एका टोकाकडून दुसरीकडे जाताना कोणत्या बाजूने वळतो ते बघा. जीभ कॉमन तोंडावरून (जे पूल आणि स्पा दोन्ही वाटांना सामायिक असतं) जात असेल तर मधल्या काही सेकंदांत पाणी पूर्ण अडतं, आणि पंप चालू असेल तर पाइप आणि फिल्टरवर प्रेशर येतं. कॅम असे लावा की वळण पाइप नसलेल्या बाजूने होईल. तरीही कंट्रोलरमध्ये व्हॉल्व्ह फिरताना पंप 40 सेकंद बंद राहील असं सेट कराच.

सक्शन आणि रिटर्न दोन्ही एकाच आज्ञेवर हलले पाहिजेत, पण त्यांच्या वायर समांतर जोडू नका. दोन पोलचा चेंजओव्हर रिले घ्या, प्रत्येक मोटरला वेगळा कॉन्टॅक्ट. समांतर जोडलं तर एक मोटर थांबल्यावर दुसरीतून उलटा करंट येऊन थांबलेली मोटर हलते किंवा गुणगुणत राहते.

टोपण लावायच्या आधी पाच वेळा पूल-स्पा, स्पा-पूल करून बघा, दोन्ही टोकांना खुणा जुळायला हव्यात. मग पंप चालू करून स्पाच्या काठावर पाण्याची रेघ आखा आणि अर्ध्या तासाने परत या. रेघ तिथेच असेल तर टोपण आवळा.