रेणूची संरचना काढताना या चुका टाळा

कार्बन डायॉक्साइडची संरचना काढायला सांगितली की अनेक जण मध्ये कार्बन मांडतात, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, मध्ये एकेक रेघ (एक रेघ म्हणजे एक बंध, दोन अणूंनी भागीत ठेवलेली इलेक्ट्रॉनांची जोडी), आणि मग प्रत्येकाचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पुरं होईपर्यंत ठिपके (एक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन) देत सुटतात. आकृती नीटनेटकी दिसते, प्रत्येक अणूभोवती आठ इलेक्ट्रॉनही भरतात. तरी उत्तर चूक! नुसतं बघून ती चूक सापडत नाही, मोजावं लागतं.

कार्बनचे संयुजा (सर्वांत बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन ४, ऑक्सिजनचे प्रत्येकी ६, एकूण १६. त्या आकृतीत मात्र दोन रेघांचे ४, कार्बनवरचे ४ आणि दोन्ही ऑक्सिजनवरचे मिळून १२, म्हणजे २० झाले. हे चार जादा इलेक्ट्रॉन आले कुठून? अष्टकाच्या नादात आपणच ते घातले. अणूंनी आणलेत तेवढेच इलेक्ट्रॉन हाताशी असतात. ते कमी पडले तर नवे आणता येत नाहीत, आहेत त्यांतलेच जास्त भागीत ठेवावे लागतात. भागीतली जोडी दोन्ही अणूंच्या खात्यात मोजली जाते, म्हणून प्रत्येक वाढीव बंध दोन इलेक्ट्रॉनांची तूट भरून काढतो. इथे तूट चारची, म्हणून दोन बंध वाढवायचे. दोन्ही बाजूंना दुहेरी बंध येतात ते असे.

हाच हिशेब रेघा ओढण्याआधी करता येतो. प्रत्येक अणूला किती इलेक्ट्रॉन हवेत त्याची बेरीज करा (हायड्रोजनला २, बाकीच्यांना ८), तीतून हातातले वजा करा आणि दोनाने भागा. येतील तेवढे बंध. कार्बन डायॉक्साइडसाठी २४ वजा १६, म्हणजे ८, म्हणजे ४ बंध. नायट्रोजनच्या रेणूत १६ वजा १०, म्हणजे ६, म्हणजे तिहेरी बंध. हायड्रोजन सायनाइडमध्ये १८ वजा १०, पुन्हा ४ बंध: हायड्रोजनकडे एक, कार्बन आणि नायट्रोजनमध्ये तीन. ही युक्ती सगळीकडे चालत नाही. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉन सहा इलेक्ट्रॉनांवर भागवतो, तर सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये सल्फरभोवती बारा मांडावे लागतात. पण शाळेतल्या बहुतेक उदाहरणांना ती पुरते.

बेरीज विषम आली तर थांबा

अमोनियम आयनासाठी (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणुगट) नायट्रोजनचे ५ आणि चार हायड्रोजनचे ४ मिळून ९ इलेक्ट्रॉन धरले, की एक ठिपका कुठे ठेवायचा हे कळेनासं होतं. आयनाचा धनप्रभार म्हणजे एक इलेक्ट्रॉन गेलेला, म्हणून ८. ऋणप्रभार असलेल्या नायट्रेटमध्ये उलट: २३ मध्ये एक मिळवायचा. विषम बेरीज म्हणजे बहुधा प्रभार विसरलाय. खरोखरच विषम इलेक्ट्रॉन असलेले रेणूही आहेत, जसा ११ संयुजा इलेक्ट्रॉनांचा नायट्रिक ऑक्साइड, पण ते मोजकेच.

रेणुसूत्र वाचून अणू ओळीनं मांडणं हाही एक सापळा. नायट्रिक आम्लाच्या सूत्रात हायड्रोजनला लागून नायट्रोजन लिहिलेला असतो, पण रेणूत तो हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला आहे. आणि हायड्रोजन एकच बंध करतो, त्यामुळे तो अशा रेणूंत कधीही मध्ये येत नाही.

एकाकी जोडी पुसू नका

अमोनियात तीन बंध झाले की काम संपलं असं वाटतं. ८ पैकी ६ वापरले, उरलेले २ नायट्रोजनवरच असतात; भागीत नसलेली ही जोडी म्हणजे एकाकी जोडी. ती जोडी गाळली की पुढच्याच प्रश्नात अमोनिया सपाट त्रिकोणी ठरतो. प्रत्यक्षात ती जोडी बंधांना ढकलते, मिथेनमधला १०९.५ अंशांचा कोन अमोनियात सुमारे १०७ होतो, आणि दोन एकाकी जोड्या असलेल्या पाण्यात १०४.५.

वहीत मिथेन अधिकच्या चिन्हासारखा आणि पाणी सरळ रेषेत काढलं तर ठिपक्यांपुरतं ते बरोबरच आहे. चूक होते ती त्यावरून आकार ठरवताना. ठिपक्यांची ही पद्धत मांडणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस १९१६ च्या त्याच लेखात अणू घनाकृती कल्पून कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवत होते. दोन घनांची कड जुळली की एकेरी बंध, पृष्ठ जुळलं की दुहेरी. तिहेरी बंध मात्र घनांनी दाखवता येईना.

दुहेरी बंध म्हणजे दुप्पट बळकट, हा समजही सोडा. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, दुहेरीला सुमारे ६१०; दुप्पट असते तर ७०० लागले असते.

आणि पाणी उकळतं तेव्हा सहसंयुज (इलेक्ट्रॉन भागीत ठेवून झालेले) बंध तुटतात, असं पुष्कळ जण लिहितात. १०० अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल पुरतात. त्यातले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचे तर ९०० हून जास्त हवेत. उकळताना रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात, आतले बंध जागच्या जागी राहतात. ते तुटले असते तर भांड्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर आले असते, आणि पुढचं काम खालच्या ज्योतीनं केलं असतं.