बंदर किती डिजिटल, ते आधी निफाडला बघा

लॉजिस्टिक्स घेतलेली नाशिकची मुलं प्रकल्पासाठी बंदरांची डिजिटल तयारी हा विषय निवडतात आणि थेट मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरावर पळतात. माझं ऐकाल तर आधी निफाड-पिंपळगावच्या एखाद्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये जा. मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. बंदराची तयारी तिथल्या क्रेनपेक्षा इथल्या लोडिंगच्या वेळी जास्त कळते.

माल भरून कंटेनरचं दार लागलं की त्यावर आरएफआयडीचं ई-सील बसतं, म्हणजे रेडिओ लहरींनी यंत्रावर वाचता येणारं सील. कारखान्यातच सील होऊन जाणाऱ्या मालासाठी ही पद्धत २०१७ मध्ये आली. सीलचा नंबर, लावल्याची वेळ, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद), कंटेनर आणि गाडीचा नंबर, सगळं ऑनलाइन भरायचं. कंटेनरचा नंबर जवळून बघा: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. तो आधीच्या दहांवरून हिशेबाने काढलेला असतो, म्हणून टायपिंगची चूक बहुतेकदा जागीच पकडली जाते. गाडीच्या नंबराला अशी सोय नाही. कसाऱ्याला गाडी बंद पडली, ट्रान्सपोर्टवाल्याने दुसरा घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन) जोडला आणि ऑफिसला कळवलंच नाही, तर फॉर्म १३ वर, म्हणजे बंदरात गाडी आत घ्यायच्या परवान्यावर, जुनाच नंबर राहतो. मग गेटवर गाडी बाजूला घेतात. आत द्राक्षं, त्यांना शून्याच्या आसपास तापमान हवं, म्हणून कंटेनर थंड ठेवणारा जनसेट (जनरेटर) डिझेल पीत राहतो आणि इकडे कट-ऑफची, म्हणजे जहाजासाठी माल आत घ्यायची शेवटची वेळ जवळ येते. सिस्टिमने तिचं काम चोख केलेलं असतं, अडतं ते एका न केलेल्या फोनमुळे.

म्हणून प्रश्नावलीत नुसतं ‘कोणतं सॉफ्टवेअर वापरता’ असं विचारू नका. उत्तर पाठ असतं: कस्टम्सचं पोर्टल आइसगेट, बंदराशी संबंधित सगळ्यांना जोडणारी, २०१८ मध्ये आलेली पीसीएस वन एक्स, आता तिच्या जागी एनएलपी-मरीन. त्यापेक्षा एकच माहिती किती ठिकाणी परत भरावी लागते ते विचारा. प्रिंट अजून कोण मागतं? रात्री सर्व्हर बसला तर फोन कोणाला लावता? याची खरी उत्तरं साहेबांच्या केबिनमध्ये मिळत नाहीत. सीएचएकडे (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडे) धावपळ करणारी पोरं आणि ड्रायव्हर ती देतात, तीही चहाच्या टपरीवर.

सर्व्हरचा प्रश्न गंमत म्हणून घालत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा शेवाचं, त्याच समूहाचं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. टर्मिनल जितकं संगणकावर, तितकं ते अशा वेळी जास्त अडकतं. त्यामुळे तयारी मोजताना पर्यायी व्यवस्थेचाही रकाना ठेवा. बऱ्याच प्रकल्पांत तो नसतोच.

आपल्याकडे शेतकऱ्याला कमी लेखू नका. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर होते, आणि कोणती पेटी कोणत्या प्लॉटची हे त्यावरून शोधता येतं. बंदराआधीची ही साखळी अहवालात आली तर परीक्षकांनाही काही नवीन वाचायला मिळेल.

मुलाखती दिवाळीनंतर उरकून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा फक्त बाजूला उभं राहून बघा. कट-ऑफच्या दिवशी कोणापुढे गूगल फॉर्म धरलात तर शिव्या खाल.