मांड आवळली की स्वार खाली: घोडेस्वारी शिकताना या चुका टाळा

घोडेस्वारीच्या वर्गाला नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते की, गुडघ्यांनी घोडा घट्ट आवळून धर, म्हणजे पडणार नाहीस. सांगणारा मामा असतो, शेजारी असतो किंवा मोबाइलवरील एखादी चित्रफीत असते; सल्ला मात्र एकच असतो आणि तो चुकीचा असतो. पुण्याच्या आसपास नवशिक्यांना खोगिरात बसवण्याचे काम करताना ज्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे, त्यांतील बहुतेकींचे मूळ या एका सल्ल्यात सापडते. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

गुडघ्यांची पकड

गुडघे आवळले की मांडीच्या आतले स्नायू आखडतात, जांघेचा सांधा मिटतो आणि बैठकीची जी दोन हाडे खोगिरावर टेकलेली असायला हवीत ती वर उचलली जातात. शरीराचा सारा तोल गुडघ्यांवर टांगला जातो, पोटरी मागे जाते, टाच वर येते, पाऊल रिकिबीत (पाय ठेवायच्या कड्यात) पुढे सरकते आणि धड झुकते. रस काढलेली आंब्याची कोय मुठीत जितकी आवळावी तितकी ती वर निसटते, तसा हा स्वार खोगिरातून वर ढकलला जातो. आपण सुटतो आहोत असे वाटल्यामुळे तो आणखी आवळतो आणि आणखी वर जातो. उतावळ्या नवऱ्याचे बाशिंग गुडघ्याला असते. उतावळ्या स्वाराची सारी भिस्तही तिथेच असते.

दुसरी अडचण घोड्याच्या बाजूने आहे. दोन्ही अंगांना पाय दाबले गेले की पुढे जायचे, एवढेच त्याला शिकवलेले असते. घाबरून आवळलेला पाय आणि हुकूम म्हणून दिलेला पाय यांतला फरक तो करत नाही.

काही वर्षांपूर्वी मल्लखांबाच्या आखाड्यात वाढलेला एक तरुण शिकायला आला. केवळ अढीच्या, म्हणजे पायांच्या विळख्याच्या, जोरावर खांबाला उलटा लटकणारा हा मुलगा. अंगात ताकद, दम भरपूर आणि भीतीचा लवलेश नाही. साध्या चालीवर त्याचे उत्तम चालले, कारण चालत्या घोड्यावर कोणीही बसू शकतो. त्याला ट्रॉट म्हणजे दुडकी हवी होती आणि तीही लंजशिवाय, म्हणजे शिकवणारा मध्ये उभा राहून ज्या लांब दोराने घोडा गोल फिरवतो त्या दोराशिवाय. मी नाही म्हटले. एके सकाळी मी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या घोड्याचा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळत असताना याने आपण होऊन घोडी दुडकीवर घेतली. घोडी वयस्क आणि शांत होती. पहिलाच हिसका बसला आणि त्याने खांबाला घालावी तशी अढी तिच्या बरगड्यांना घातली. तिने हुकूम मानला आणि वेग वाढवला. वेग वाढला म्हणून त्याने लगाम खेचला. पाय सांगत होते चल, हात सांगत होते थांब. त्या गोंधळात तिने मान वर झटकली, डावीकडे वळली आणि तो उजव्या खांद्यावर आदळला. गळ्याजवळचे हाड मोडले; हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. मातीत बसल्या बसल्या तो मला म्हणाला, "सर, पण मी सोडलं नव्हतं हो!" त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जमिनीवर येईपर्यंत त्याने काहीच सोडले नव्हते.

हाड सांधल्यावर तो परत आला आणि मग निमूटपणे लंजवर बसला. माझा उपाय फार शास्त्रशुद्ध आहे असा दावा मी करणार नाही, पण सवयीने तोच करतो. लगामाला गाठ मारून तो घोड्याच्या मानेवर ठेवायचा, रिकिबी काढून टाकायच्या आणि प्रत्येक फेरीत एकदा दोन्ही मांड्या खोगिरापासून बाजूला उचलून पुन्हा अलगद खाली सोडायच्या. मांडीच्या मागचे मांस हाताने मागे ओढून घ्यायचे, म्हणजे मांडीची आतली बाजू सपाट बसते. पाय लोंबू द्यायचे, घोटे गोल फिरवायचे. हे कंटाळवाणे आहे, हे मला ठाऊक आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नव्या उमेदवारांना सुरुवातीला लंजवर, लगाम आणि रिकिबी न देता बसवले जाते. ज्यांना आयुष्यभर हेच काम करायचे आहे त्यांनाही जे चुकत नाही, ते आमच्याकडील शनिवार-रविवारच्या मंडळींना चुकवता येईल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

लगामाचा आधार

तोल जाताच लगामाला लटकणे हे वरच्याच चुकीचे धाकटे भावंड आहे. लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात, दात नसलेल्या हिरडीवर टेकलेल्या लोखंडी बिटापाशी असते, हे एकदा स्वतःच्या बोटाने चाचपून पाहावे. त्यानंतर हात आपोआप हलका होतो. ज्याला आधार हवाच आहे त्याने रिकिबीचा जुना पट्टा घोड्याच्या मानेभोवती बांधावा आणि त्यात दोन बोटे अडकवावीत. त्यात कमीपणा मानणाऱ्याला मी लगाम देतच नाही.

खुर्चीत बसल्यासारखी बैठक

पाय पुढे, बूड मागे, पाठीला पोक. बाजूने पाहिले असता कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवीत. या बैठकीत टाच त्या रेषेच्या वीतभर पुढे गेलेली असते. झेनोफन या ग्रीक सेनानीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बजावून ठेवले आहे की, स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे बसू नये, पाय फाकवून ताठ उभे राहिल्यासारखे बसावे. त्या काळी रिकिबीही नव्हत्या. आज आपल्याकडे खोगीर, रिकिबी सारे काही आहे आणि बैठक मात्र खुर्चीचीच आहे.

पुण्यात या दोषाचे एक स्थानिक कारण मला वाटते आणि ते म्हणजे स्कूटर. दिवसाचे दोन तास पावले पुढच्या फळीवर ठेवून, कंबर सैल सोडून ज्याने काढले, त्याचे शरीर खोगिरातही तीच जागा शोधते. मोटारसायकलवाले निराळे, ते पेट्रोलच्या टाकीप्रमाणे घोड्याला गुडघ्यांत धरतात. उरलेले आठ तास कार्यालयातील खुर्ची जांघेचे स्नायू आखूड करून ठेवते. अशा शरीराला आठवड्यातून एकदा 'टाच खाली' असे ओरडून सांगितल्याने टाच खाली जात नाही. तो विद्यार्थी पाऊल पुढे ढकलून टाच दाबतो आणि दोष दुप्पट करतो.

याची परीक्षा सोपी आहे. घोडा चालत असताना लगाम न ओढता रिकिबीत उभे राहावे. पाय पुढे असतील तर तुम्ही धपकन मागे बसाल. पाय बुडाखाली असतील तर उभे राहता येईल. चालीवर हे जमले की ट्रॉटवर 'उभे, उभे, बसा' अशा तालात करावे, म्हणजे दोन ठोके उभे आणि एक ठोका बसून. ट्रॉट ही दोन ठोक्यांची चाल असल्यामुळे हा तीनचा ताल तिच्याशी जुळत नाही आणि नेमका म्हणूनच उपयोगी पडतो. उसळीचा फायदा घेऊन फसवणूक करता येत नाही. इतके करूनही पाय पुढेच जात असतील तर खोगीर तपासावे. त्याची मागची बाजू खाली बसलेली असेल किंवा रिकिबी फार पुढे टांगलेल्या असतील, तर चांगला स्वारही खुर्चीतच बसतो.

जमिनीवरची तयारी

घोडा पळतो, स्वार नुसता बसतो, हा समज घेऊन येणारे लोक वीस मिनिटांत लाल होतात. जिमला जाणाऱ्यांचेही तसेच होते, कारण पोटाच्या गाठी दिसणे आणि धड पाऊण तास सावरून धरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः सूर्यनमस्कारांवर भर देतो, त्यातही अश्वसंचालनासनावर. मागे नेलेल्या पायाची जांघ त्यात मोकळी होते आणि खुर्चीने आखडलेला भाग नेमका तोच असतो. ते घाईघाईने उरकू नये. प्रत्येक बाजूला पाच-सहा श्वास थांबावे. त्याला मालासनाची जोड द्यावी. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकून दोन्ही टाचा सावकाश खाली सोडाव्यात. पोटरी लांबते आणि रिकिबीत टाच आपल्या वजनाने खाली राहते. दात घासताना एका पायावर उभे राहावे. दमासाठी पर्वतीच्या पायऱ्या पुरेशा आहेत. पकड देणारी सिलिकॉनची ब्रीचेस (स्वारीची घट्ट विजार) आणि चिकट गादी विकत घेऊन हे सारे टळेल असे ज्यांना वाटते त्यांनी ती खुशाल घ्यावीत. सराव मात्र माझ्याकडे साध्या कापडाच्या ब्रीचेसमध्येच होईल.

वजनाबद्दलही स्पष्ट बोललेले बरे. खोगीर धरून एकूण भार घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो. ३५० किलोच्या घोड्यासाठी तो भार ७० किलो होतो, आणि आपल्याकडील कित्येक घोडे लहान चणीचे असतात. तरीही डुलणारा हलका स्वार घोड्याची पाठ जितकी दुखवतो तितकी तोल सांभाळणारा थोडा जड स्वार दुखवत नाही.

ताठ पाठ

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली बिनचूक करवून घेण्याच्या प्रकाराचे, सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतील सुवर्ण १९८२ नंतर प्रथमच मिळाले आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. साहजिकच चित्रफिती पाहून अनेक पालक मुलांना घेऊन आले. त्या मुलांना दिसले होते ते एवढेच की, स्वार हलत नाही. म्हणून ती खांदे मागे खेचून, श्वास रोखून, काठी गिळल्यागत बसतात आणि ट्रॉटवर दाणदाण आपटतात. खरे तर तो स्वार स्थिर दिसतो, कारण त्याची कंबर प्रत्येक पावलाला घोड्याच्या पाठीबरोबर हलत असते. घोड्याचा मागचा डावा पाय पुढे येताना पाठीची डावी बाजू खाली जाते, मग उजवी. मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) घोडा धरून चालवायला सांगावे, डोळे मिटावेत आणि कोणती बाजू खाली गेली ते मोठ्याने म्हणावे: डावी, उजवी, डावी, उजवी. बोलल्यामुळे श्वासही मोकळा राहतो. मुलांना हे लवकर कळते. मोठ्यांना लाज वाटते म्हणून उशीर लागतो.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

खाली घोड्याच्या मानेकडे पाहू नये. डोके चार-पाच किलोंचे असते आणि ते झुकले की खांदे त्याच्यामागे जातात.

रिकिबीची लांबी अंदाजाने ठेवू नये. बोटांची टोके रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला टेकवून रिकीब काखेपर्यंत यावी. पुढे गरजेनुसार एखादे भोक वर-खाली करावे.

सपाट तळव्याचे बूट चालत नाहीत. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि पडलेला स्वार फरफटतो.

चढल्यावर तंग एकदाच तपासून मोकळे होऊ नये. पाच मिनिटे चालवून पुन्हा तपासावा, कारण अनेक घोडे तंग आवळताना पोट फुगवतात.

खोगिराच्या मागच्या उंचवट्याला धरून स्वतःला वर ओढू नये. चौथरा वापरावा. घोड्याची पाठ वाचते आणि डाव्या रिकिबीचा पट्टाही ताणला जात नाही. तो ताणलेला असेल तर महिन्यातून एकदा डावा-उजवा पट्टा बदलावा, नाहीतर स्वार एका अंगाला कलून बसतो आणि दोष घोड्याला देतो. कल ओळखण्यासाठी मित्राला बरोबर मागून छायाचित्र काढायला सांगावे. समोरून काढलेल्या छायाचित्रात चेहराच छान येतो.

घाई

चौथ्या दिवशी कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची चाल, मागणारे असतात, कारण त्यांना रील टाकायची असते. माथेरानला दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत घोड्यावरून गेलेले असतात आणि आपल्याला 'बेसिक येते' असे सांगतात. तो घोडा रोजच्या वाटेने सवयीने गेलेला असतो, हे त्यांना सांगावे लागते. आणखी काहीजण दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तरणाबांड घोडा घेणार असतात आणि त्यानंतर बसायला शिकणार असतात. शिकणाऱ्याने वयस्क आणि शिकलेला घोडा घ्यावा. कच्चा घोडा आणि कच्चा स्वार एकत्र आले की दोघेही बिघडतात. कँटरबाबत माझा नियम असा आहे की, रिकिबींशिवाय लंजवर दोन्ही दिशांनी, हात कमरेवर ठेवून ट्रॉटवर न उठता बसता आले की मगच कँटर. कोणाला त्यासाठी महिना लागतो, कोणाला वर्ष.

कुठे दुखते ते पाहावे

रपेट झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय दुखते त्यावरून चूक ओळखता येते. मांडीच्या आतील बाजूस आणि पोटात दोन-तीन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. फक्त मांडीच्या आत, गुडघ्यालगत दुखत असेल आणि महिना उलटला तरी थांबत नसेल, तर तुम्ही अजून आवळता आहात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असेल तर रिकीब आखूड आहे किंवा पाऊल बाहेर वळते आहे. दंड आणि खांदे दुखत असतील तर तोल लगामावर आहे. कंबरेच्या खालच्या भागात दुखत असेल तर बहुधा पाठ ताठ किंवा पोकळ धरली जाते आहे. ट्रॉटवर न उठता बसणे थांबवून काही दिवस फक्त उठ-बस करत ट्रॉट घ्यावा. पायात मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर मात्र खोगिरात बसून अंदाज बांधत न राहता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे आणि ते हो म्हणेपर्यंत घोड्याला खरारा करण्यावर भागवावे.