गतकाळातील महान मुष्टियोद्ध्यांचे मूल्यमापन कसे करावे

जुन्या मुष्टियोद्ध्यांची तुलना करताना बहुतेक जण विजय-पराजयांच्या आकड्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. प्रतिस्पर्धी कोण होता, त्या वेळी तो कितपत भरात होता, त्याचे वजन काय होते आणि लढत कोणत्या नियमांखाली झाली, हे तपासल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही.

रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून, एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झाला. ही कामगिरी थोरच आहे. परंतु १९५१ मध्ये त्याने ज्या जो लुईला आठव्या फेरीत पाडले, तो लुई ३७ वर्षांचा होता आणि २५ वेळा विश्वविजेतेपद राखणारा त्याचा काळ मागे पडला होता. म्हणून त्या विजयाला माझ्या लेखी फार मोल नाही. उलट पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध गुणांवर मागे असताना तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने विजेतेपद खेचून आणले. मार्सियानोची योग्यता जोखायची ती या लढतीवरून.

पराभवांचाही असाच तपास करावा. जवळपास दोनशे लढतींच्या कारकिर्दीत शुगर रे रॉबिन्सन ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधी फक्त एकदा हरला: २५ जून १९५२ रोजी, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर, आपल्याहून वरच्या वजनगटाचा विजेता जोई मॅक्सिम याच्याविरुद्ध. त्या रात्री उष्मा इतका होता की रिंगमधले पंच रूबी गोल्डस्टीन यांना दहाव्या फेरीनंतर बदलावे लागले. गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी उठू शकला नाही. नोंदवहीत हा केवळ एक पराभव दिसतो. पण वरच्या गटातील विजेत्याला तेरा फेऱ्या मागे ठेवणारा मुष्टियोद्धा त्यामुळे लहान ठरत नाही.

नियमांचा फरक लक्षात घेणे अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये जॅक डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले, तेव्हा पडलेल्या प्रतिस्पर्ध्याजवळ उभे राहून तो उठताच पुन्हा ठोसा मारता येत असे. विजेतेपदाच्या लढती १९८० च्या दशकापर्यंत सर्वसाधारणपणे १५ फेऱ्यांच्या असत, आज त्या १२ फेऱ्यांच्या आहेत. आज १७ किंवा त्याहून अधिक वजनगट आहेत आणि चार प्रमुख संघटना आपापले विजेते जाहीर करतात; पूर्वी गट आणि विजेते दोन्ही कमी होते. त्यामुळे हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट ही तिन्ही विजेतेपदे एकाच वेळी धारण केली, त्याची तुलना आजच्या तीन गटांतील विजेतेपदाच्या पट्ट्यांशी करणे अन्यायाचे होईल.

विजेतेपद नसणे हाही कमीपणाचा पुरावा मानू नये. सॅम लँगफर्डला हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या गटाच्या विश्वविजेतेपदासाठी, आणि पुढे चार्ली बर्लीला कोणत्याही विश्वविजेतेपदासाठी लढण्याची संधीच मिळाली नाही, आणि त्यामागे वर्णभेदाचा मोठा वाटा होता. पुढे लाइट हेवीवेट गटाचा विजेता झालेल्या आर्ची मूरला एझर्ड चार्ल्सने तीनदा हरवले, तरी त्या गटाचे विजेतेपद चार्ल्सच्या नावावर नाही. मी मात्र त्या गटात त्याला मूरच्या वरच ठेवतो.

जुने चित्रीकरण पाहताना त्याची गती आधी तपासावी. मूकपटांच्या काळातील फिती चुकीच्या वेगाने दाखवल्या की मुष्टियोद्धे धडपडत नाचल्यासारखे दिसतात आणि आपण त्यांना अडाणी ठरवतो. नजर हातांवर न ठेवता पायांवर ठेवावी: ठोसा मारल्यानंतर तोल सावरतो का आणि मागे हटताना पाय एकमेकांत अडकतात का, हे कोणत्याही काळात तितकेच बोलके असते.

हॅरी ग्रेबच्या बाबतीत तीही सोय नाही, कारण त्याच्या एकाही लढतीचे चित्रीकरण उपलब्ध नाही. त्याच्या अनेक लढतींचा अधिकृत निकालही लागला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी दिलेला कौल तेवढा उरला आहे, म्हणून एकापेक्षा अधिक वृत्तान्त ताडून पाहावेत. मात्र १९२२ मध्ये त्याने वजनाने आपल्याहून भारी असलेल्या जीन टनीला हरवले. टनीचा तो कारकिर्दीतील एकमेव पराभव, आणि हाच टनी पुढे डेम्प्सीला दोनदा हरवणारा. एवढ्या पुराव्यावर ग्रेबला पहिल्या पाचांत स्थान देण्यास मला संकोच वाटत नाही.