सुपारीच्या फवारणीत जैविक स्प्रेडर घ्यावा की केमिकल?

मंडळी, कोळेरोगाच्या, म्हणजे पावसात सुपारीची फळं कुजवणाऱ्या रोगाच्या, फवारणीचे दिवस आलेत आणि श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंत वाड्यावाड्यांत एकच प्रश्न, बोर्डोत, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या द्रावणात, कोणता स्प्रेडर (थेंब पसरवणारं द्रव्य) मिसळू, त्यात आता दुकानदार ऱ्हॅम्नोलिपिड या जैविक स्प्रेडरच्या बाटल्या पण दाखवायला लागलेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुपारीची साल मेणचट, नुसतं पाणी मारलं की थेंब गोल होऊन घरंगळतो. पाण्याचा पृष्ठताण असतो 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, सिलिकॉनवाला केमिकल स्प्रेडर तो 20-22 वर आणतो आणि सूडोमोनास जिवाणूपासून काढलेलं ऱ्हॅम्नोलिपिड साधारण 28-30 वर. म्हणजे पसरवण्यात सिलिकॉनच पुढे, ते मान्यच करायला हवं. पण आपल्याकडच्या धो धो पावसात औषध पसरण्यापेक्षा टिकणं महत्त्वाचं, आणि सिलिकॉन जरा जास्त पडलं तर सगळं द्रावण घोसावरून ओघळून खाली येतं. त्यामुळे बोर्डोसोबत स्टीकरच, म्हणजे औषध चिकटवून ठेवणारं द्रव्यच, हवा, दोन्ही प्रकारचे स्प्रेडर त्याची जागा घेत नाहीत.

ऱ्हॅम्नोलिपिडची खरी ताकद वेगळीच आहे. कोळेरोगाची फायटोप्थोरा बुरशी पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते, त्यांना कवच नसतं, नुसतं पातळ आवरण, आणि ऱ्हॅम्नोलिपिड लागलं की ते फुटतात, हे 1997 पासून माहीत आहे. पण हे काम प्रयोगशाळेतलं, वाडीत त्याच्या भरवशावर बोर्डो सोडू नका. पावसाआधी 1 टक्का, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, आणि 40-45 दिवसांनी उघडीप बघून परत. द्रावणात स्वच्छ लोखंडी पातं बुडवा, तांबूस थर आला तर चुना अजून हवा.

एक काळजी घ्या, ऱ्हॅम्नोलिपिड तांब्याला धरून बसतं, म्हणून थेट पंपात ओतू नका, आधी काचेच्या बाटलीत थोडं बोर्डो आणि थोडं ते मिसळून अर्धा तास ठेवा, गुठळ्या झाल्या किंवा साका लगेच तळाला बसला तर एकत्र मारू नका.

आणि वाडीचं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जातं, पऱ्याचं खाडीत. नोनिलफेनॉल या रसायनाचे स्वस्त स्प्रेडर पाण्यात फुटले की माशांना घातक पदार्थ बनतो, युरोपने 2003 मधेच त्यावर बंधनं घातली. ऱ्हॅम्नोलिपिड मात्र लवकर कुजून जातं. महाग आहे खरं, पण ज्यांची वाडी पऱ्याकाठी आहे त्यांनी निदान काठच्या दोन ओळींना, बोर्डोशिवायच्या इतर फवारण्यांत, वापरून बघावं. लेबलवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती बाटली दुकानातच राहू द्या.