निफाडची थंडी आणि माझ्या उललेल्या नडग्या

निफाडकडे पारा दहाच्या खाली गेला की माझ्या नडग्या उलतात, खाजून लाल होतात. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी कढत पाणी बंद करवलं. त्यानं अंगचा तेलकटपणा निघून जातो. आता कोमट पाणी, अंघोळ दहा मिनिटांत, साबण फक्त काखा-जांघांना. पण खरा फरक पडला तो नंतरच्या कामानं. अंग खसाखसा न पुसता टिपायचं आणि ओलसर असतानाच बिनवासाची पेट्रोलियम जेली चोपडायची. जेली स्वतः ओलावा देत नाही, आहे तो अडवते. म्हणून कोरड्या अंगावर तिचा उपयोग कमी. चिकट लागते, चादरी खराब होतात, सासूबाई कुरकुरतात. चालायचंच! लोकरीच्या आत सुती कपडा घालते. भेगांतून पाणी यायला लागलं तर मात्र थेट दवाखाना.