धावणे म्हणजे जेवणाची परतफेड नव्हे
सणाला तुपासह दोन पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणून दुसऱ्या दिवशी ५ किलोमीटर जास्त धावायचे, किंवा घड्याळात कॅलरीचा आकडा कमी दिसला म्हणून ताटात घेतलेली दुसरी भाकरी परत डब्यात ठेवायची, ही सवय जडली असेल तर ती आधी मोडा. मनगटावरचे घड्याळ तो आकडा केवळ अंदाजाने सांगते. शिवाय श्वसन, पचन आणि स्नायूंची झीज भरून काढणे यांसाठी शरीर बसल्या जागीही ऊर्जा खर्च करतच असते, त्यामुळे विश्रांतीच्या दिवशीही पोटभर जेवले पाहिजे. पहाटे निघण्यापूर्वी एखादे केळे आणि परतल्यावर थालीपीठ-दही पुरते. खाणे सतत अपुरे पडले तर हाडे कमकुवत होतात आणि दुखापती लवकर बऱ्या होत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांमध्येही आढळते, हे स्पष्ट केले. सलग ३ महिने पाळी आली नाही, तर त्याला कसून केलेल्या सरावाची खूण मुळीच समजू नका, डॉक्टरांना भेटा. आणि धावणे चुकलेल्या दिवशी जेवताना अपराधी वाटत असेल, तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगा.